आधी दार वाजवा

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला एक व्याख्यान असतं. मागच्या महिन्याचा विषय होता, वृद्धाश्रमातल्या आईवडिलांना भेटताना पाळायच्या निरोगी मर्यादा. बोलायला आलेल्या समुपदेशक बाई तरुण होत्या आणि तयारीनं आल्या होत्या. भेटीची वेळ ठरवून घ्या, दिवसातून दहा वेळा येणारा फोन दहाही वेळा उचललाच पाहिजे असं नाही, मनात अपराधीपणा साठवू नका, प्रेमानं ‘नाही’ म्हणायला शिका, असं त्या सांगत होत्या. पाचव्या रांगेतले एक काका उठून उभे राहिले. “बाई, तुमच्या आईनं रात्री दोन वाजता तुम्हाला दूध पाजताना वेळ ठरवून घेतली होती का?” टाळ्या पडल्या. बाई गडबडल्या नाहीत. दमलेलं, चिडलेलं मूल समोर येऊन बसलं तर त्या आईला तरी काय सुख होणार, असं त्यांनी विचारलं. टाळ्या याही वाक्याला पडल्या, आणि मी नीट पाहिलं, बऱ्याचशा त्याच हातांनी. मग चहा आणि खारी झाली आणि मंडळी पांगली.

मला दोन्ही टाळ्या खटकल्या. बाई आणि काका भांडत होते खरे, पण दोघांच्या डोळ्यांपुढे चित्र एकच होतं: मर्यादा म्हणजे मुलानं आईबापांच्या बाजूला घातलेलं कुंपण. बाईंच्या मते ते घालावं, काकांच्या मते ते पाप. त्या कुंपणापलीकडे जी म्हातारी बसली आहे तिचीही काही हद्द असेल, तिलाही काही नको असेल, हे दीड तासात एकदाही कोणाच्या तोंडून आलं नाही. आणि सभागृह भरलं होतं ते सत्तरी ओलांडलेल्यांनी! माझं म्हणणं असं की मर्यादा हवी, पण ती मोजायला सुरुवात करायची आईच्या खोलीच्या दारापासून. आणि मुलानं स्वतःसाठी एखादी मर्यादा आखलीच, तर तिच्या मोबदल्यात त्यानं काहीतरी पक्कं दिलं पाहिजे. ‘रविवारी दोनच तास येईन’ असं म्हणायचा हक्क त्यालाच आहे, जो रविवारी येतोच.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘बाउंड्री’ म्हटलं की आपल्या डोक्यात एकतर चौकार येतो नाहीतर बांधावरची भांडणं. मर्यादा हा आपला शब्द मात्र दोन अंगांचा आहे. एक हद्द आणि दुसरी अदब. सासऱ्यांची मर्यादा राखणं, मोठ्यांपुढे मर्यादेनं वागणं, असं आपण सहज म्हणत आलो. ज्याची अदब राखायची त्याच्यापासून दोन पावलं अलीकडे थांबायचं, असं काहीसं त्यात आहे. पुंडलिकाची गोष्ट आपण आईबापांच्या सेवेची म्हणून सांगतो, ती आहेच. पण तिच्यात एक पाहुणाही आहे. सेवा चाललेली असताना तो दारात आला, आणि पुंडलिकानं त्याला आत न घेता वीट फेकून सांगितलं, यावर थांब. पाहुणा काही साधा नव्हता. तरी थांबला. अठ्ठावीस युगं झाली म्हणतात. आपल्याला वृद्धाश्रमातल्या बंद दाराबाहेर तीन मिनिटं थांबवत नाही.

हे मी दुसऱ्याला सुनावत नाही. आई पुण्याबाहेरच्या एका ज्येष्ठ निवासात राहायला गेली त्याला आता चार वर्षं होतील. पहिलं वर्षभर माझी भेट कशी असायची? दार ढकलायचं, पंखा वाढवायचा, खिडकी उघडायची, “काय गं, गोळ्या घेतल्यास का?” असं विचारत उत्तराची वाट न बघता गोळ्यांचा डबा तपासायचा. एका रविवारी मी तिचं कपाट आवरायला काढलं. आत घडी करून ठेवलेल्या पिशव्या, श्रीखंडाचे धुतलेले रिकामे डबे, विकून टाकलेल्या घराची विजेची बिलं, तळाशी गेलेल्या बामच्या बाटल्या, एका रुमालात बांधलेली पाच-सहा बटणं. अर्ध्या तासात मी मोठी काळी पिशवी भरली आणि खाली नेऊन टाकली. आई कॉटवर बसून बघत होती. काही बोलली नाही. “किती मोकळं झालं बघ,” असं मीच म्हणालो. पुढच्या रविवारी कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कमरेला. “ती बटणं तुझ्या बाबांच्या कोटाची होती,” एवढंच ती म्हणाली, तेही महिन्याभरानं, भलत्याच विषयावर बोलता बोलता.

साठ वर्षं संसार केलेल्या बाईचं अख्खं घर आक्रसत एका खोलीत आणि त्यातल्या एका कपाटात आलेलं असतं. घर मोठं होतं तेव्हा तिच्या ट्रंकेला हात लावायची आमची कोणाची छाती नव्हती. घर लहान झालं आणि सगळंच आमच्या हाताखालचं झालं, हे कोणत्या न्यायानं? मावशी फरशी पुसायला येते तीसुद्धा दारावर टकटक करून येते. मुलगा येतो तो थेट आत. कारण ‘आपल्याच आईची तर खोली आहे’.

आता काकांकडे वळतो. त्यांच्या बोलण्यात दम नाही असं नाही. आईबापांनी केलेल्याचा हिशेब होत नाही, हे खरं. म्हातारपणी औषधापेक्षा आपलं माणूस समोर बसलेलं हवं असतं, हेही खरं. आणि ‘बाउंड्री’ हा शब्द हल्ली न जाण्याचं निमित्त म्हणून फार सोयीचा झाला आहे, हे तर मी त्या ज्येष्ठ निवासाच्या व्हरांड्यात दर खेपेला बघतो. पण दुधाच्या दाखल्यातून दोन गोष्टी निसटतात. पहिली अशी की तान्ह्या मुलाला दाराची कडी नको असते, आईला हवी असते. ‘म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण’ हे ऐकायला गोड आहे, पण त्याच्या आडून आपण पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाचं शहाणपण काढून घेतो. ती समोर बसलेली असताना मावशींना विचारतो, “जेवल्या का आज या?” जिनं पाच जणांना पुरेल एवढ्या पगारात आठ जणांचं घर चालवलं तिच्या हातात पन्नासची नोट ठेवून म्हणतो, “ठेव, लागतील.” त्यात प्रेम असतं, नाही असं नाही. पण मर्यादा मोडलेली असते, आणि मोडणारे आपण असतो.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. रात्री दोनला दूध प्यायलो मी. रात्री दोनला आईला उठवून हाताला धरून संडासला नेलं कोणी? ज्येष्ठ निवासात जाण्याआधी आई अकरा वर्षं आमच्याकडे होती, म्हणजे खरं तर माझ्या बायकोकडे होती. मी घरात असायचो, एवढंच. माझी बायको काही माझ्या आईच्या दुधावर वाढलेली नाही. काकांचा हिशेब धरला तर ती काहीच देणं लागत नाही, आणि फेडत मात्र तीच होती. गंमत अशी की हे कायद्याला कळतं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा जो २००७ चा कायदा आहे, त्यात ‘मुलं’ या शब्दात मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून येत नाही. कायद्यानं जिच्यावर काडीची जबाबदारी टाकलेली नाही तिच्या मनगटांवर घराघरांतली मातृभक्ती उभी असते. तिनं कधी म्हटलं की मंगळवारी मला जमणार नाही, तर तिला मर्यादा विचारणाऱ्याला सभागृहात टाळ्या मिळतात.

त्या दिवशी मागच्या रांगेतून आणखी एक सूर आला, की हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्यात आईबापांना भेटायला नियम नव्हते. खरंच नव्हते? लेकींना विचारा. मुराळी, म्हणजे माहेरहून न्यायला येणारा, आल्याशिवाय निघायचं नाही. पंचमी, दिवाळी, पहिलं बाळंतपण, असे ठरलेले प्रसंग. किती दिवस राहायचं ते सासरनं सांगायचं, आणि परतीला एक दिवस उशीर झाला तर वर्षभर ऐकून घ्यायचं. उलट बाजूनं, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारे आईबाप. म्हणजे भेटीला नियम होते, करकचून होते, फक्त ते निम्म्या मुलांसाठी होते आणि त्या मुली होत्या. या नियमांनी किती रडवलं ते जात्यावरच्या ओव्यांत भरून राहिलं आहे. रडवलं, कारण ते नियम भेटायला जाणारीनं केलेले नव्हते आणि जिला भेटायचं तिनंही केलेले नव्हते, तिसऱ्यानंच केलेले होते. म्हणून मर्यादा असावी की नसावी हा वादच मला पोकळ वाटतो. ती आपल्यात कायम होती. ती आखतं कोण आणि कोणाला विचारून, हे विचारायला हवं. मात्र त्या जाचक रीतीतही एक गोष्ट होती जी आजच्या निरोगी मर्यादांत दिसत नाही. श्रावणात भाऊ न्यायला येणार हे पक्कं असायचं. त्या एका दिवसावर वर्ष निघायचं.

आणि दूर राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना भेटायला जाण्याची आपल्याकडची सर्वांत मोठी गोष्ट कोणती? महाभारताच्या शेवटाकडे ती आहे आणि कीर्तनात फारशी सांगितली जात नाही. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षं पांडवांच्याच घरी होता. युधिष्ठिरानं काही कमी पडू दिलं नाही. पण भीम येता-जाता दंड थोपटून म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं बोलायचा, याच हातांनी त्याची पोरं मारली म्हणून. एका छपराखाली राहणं म्हणजेच सांभाळणं असं मानणाऱ्यांनी हा पंधरा वर्षांचा संसार जरूर आठवावा. शेवटी धृतराष्ट्र आणि गांधारी वनात निघाले, आणि मुलं विनवत असताना कुंतीही त्यांच्याबरोबर गेली. पुढे पांडव सगळा लवाजमा घेऊन भेटायला गेले. सहदेव आईला बघून धावत सुटला आणि तिच्या पायांशी रडला. महिनाभराहून जास्त ते तिथे राहिले. मग निघायची वेळ आली तेव्हा सहदेवाचा पाय निघेना, तो म्हणाला मी इथेच राहतो. कुंतीनं त्याला मिठीत घेतलं आणि जायला सांगितलं. तुम्ही राहिलात तर आमच्या तपाला अडथळा होईल, तुमच्या मायेत मी अडकेन, आमचं आता थोडंच उरलं आहे, असं तिचं म्हणणं. सहदेव तिच्या पोटचासुद्धा नव्हता, माद्रीचा होता, आणि तिचा सर्वांत लाडका होता. म्हणजे ‘आता तू जा’ हे प्रेम आटल्यावरच म्हणतात असं नाही. तिथे मर्यादा आईनं आखली, स्वतःच्या उरलेल्या दिवसांसाठी. समुपदेशक बाईंच्या यादीत ही बाजू नव्हती आणि काकांच्या तर स्वप्नातही नसावी.

बाईंचं म्हणणं मला तत्त्वतः मान्य आहे, तरी त्यांच्याशी माझं भांडण आहे ते इथे. त्यांची सगळी वेळापत्रकं मुलाच्या डायरीतून निघतात. किती वेळ बसायचं, किती फोन घ्यायचे, कोणत्या विषयावर बोलायचं नाही. बरं, पण त्या बदल्यात आईला काय मिळालं? आईच्या शेजारच्या खोलीत एक आजी आहेत. त्यांचा मुलगा “बघू, जमलं तर रविवारी येतो” असं सांगतो. चांगला माणूस आहे, खोटं बोलत नाही, त्याला खरंच माहीत नसतं. आजी रविवारी जेवण झाल्यावर झोपत नाहीत. इस्त्रीची साडी नेसून दीड वाजल्यापासून फाटक दिसेल अशी खुर्ची लावून बसतात. चारला चहा येतो तो खोलीत मागवतात, कारण खाली डायनिंग हॉलमध्ये गेलं आणि नेमका तो आला तर? सहा वाजता साडी बदलतात. त्या मुलानं ‘महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी, चार ते पाच’ असं ठणकावून सांगितलं असतं तर लोकांनी त्याला निर्दय म्हटलं असतं. आजींचे तीन रविवार मात्र त्यांचे त्यांना परत मिळाले असते. परदेशातल्या मुलांचं तर निराळंच. न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा-अकरा वाजले, कामातून जरा उसंत मिळाली की व्हिडिओ कॉल. इथे रात्रीचे साडेआठ झालेले असतात, दात काढून डबीत ठेवलेले असतात. बोळक्या तोंडानं कॅमेऱ्यासमोर यायला तिला आवडतं का, हे कोणी विचारलं आहे?

आता सर्वांत वजनदार आक्षेप, जो त्या सभेत कोणी घेतला नाही आणि जो मला अजून टोचतो. मर्यादा ही बरोबरीच्या माणसांत शोभते. वृद्धाश्रमातली आई तुमच्या बरोबरीची नाही. पैसे तुम्ही भरता, गाडी तुमच्याकडे आहे, फाटकाबाहेर जायचं तर रजिस्टरमध्ये सही तुमची लागते. शिवाय ज्यांच्याकडे वरचेवर कोणीतरी येतं त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष दिलं जातं, हे व्यवस्थापन कितीही नाकारो, ज्यांनी ही जागा आतून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. मग ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिवशी, दार वाजवून जाणाऱ्या मुलाला दिसणार काय? विंचरलेले केस आणि बदललेली चादर.

हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. उत्तर एवढंच देतो, की भेट आणि पाहणी ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपण ती एकात कालवतो. पाहणीला मर्यादा नाही. महिन्या-दीड महिन्यातून एकदा मी आडवारी, न कळवता, सकाळी सातला जातो. बोलावण्याची घंटा हाताला लागेल अशी आहे का, पाण्याची बाटली भरलेली आहे का आणि तिचं झाकण आईला उघडता येतं का, नखं कापली आहेत का, गोळ्यांच्या पाकिटात किती उरल्या असायला हव्या आणि किती उरल्या आहेत. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्या माकडहाडापाशी आणि टाचांवर लाली आली आहे का, कारण शय्याव्रणाची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात तिथे होते आणि लवकर लक्षात आली तर आवरते. हे सगळं बघायचं, कार्यालयात जाऊन व्यवस्थापकांशी बोलायचं, गरज पडली तर लेखी द्यायचं. तेव्हाही आईच्या दारावर टकटक करायचीच. नोटीस संस्थेला द्यायची नसते, आईला सावरून बसायला अर्धं मिनिट द्यायचं असतं. आणि मावशींवर आईसमोर ओरडायचं नाही. आपण ओरडून निघून जातो, मावशी आणि आई तिथेच असतात.

मग रविवारची भेट भेटीसाठी उरते. तिथेही एक कसब लागतं, तक्रार कुठली आणि गप्पा कुठल्या हे ओळखायचं. “भाजीत मेली चवच नसते” ही गप्पा आहे. तिच्यावर तोडगा नको असतो, “हो ना, तुझ्या हातच्या भरल्या वांग्यांची सर कुठे” एवढं पुरतं. “रात्री घंटा वाजवली तर कोणी येत नाही” ही तक्रार आहे, तिथे गप्पा मारायच्या नसतात, उठून कार्यालयात जायचं असतं. मी सुरुवातीला नेमकं उलटं करायचो. भाजीसाठी व्यवस्थापकांशी भांडलो आणि घंटेचं ऐकून “तुला स्वप्न पडलं असेल” म्हणालो.

काही जणांना वाटतं हे सगळं मुलांच्या मर्जीवर सोडूच नये, कायदा करावा. चीननं करून पाहिला. १ जुलै २०१३ पासून तिथल्या कायद्यात असं आलं, की आईवडिलांपासून वेगळं राहणाऱ्यांनी त्यांना वरचेवर भेटलं पाहिजे किंवा ख्यालीखुशाली विचारली पाहिजे. लगेचच वूशी शहरातल्या न्यायालयानं एका ७७ वर्षांच्या आईच्या दाव्यात मुलीला हुकूम दिला, दोन महिन्यांतून किमान एकदा आईला भेटायचं. त्या पहिल्या हुकमाच्या भेटीत दोघी काय बोलल्या असतील? आपल्याकडे लातूर जिल्हा परिषदेनं २०२० साली आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते आईवडिलांना द्यायचं ठरवलं. हे मला पटतं. २००७ च्या कायद्यात महिना १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ मागता येतो, आईबापांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हेही योग्य. पैसा वसूल करता येतो, तो करावाच. पण भेट वसूल करायला गेलं की हातात येते ती हजेरी.

त्या कायद्याचं २३ वं कलम मात्र मर्यादेच्या बाबतीत फार उपयोगाचं आहे आणि फार थोड्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द करून मागता येतं. भेटीला येणाऱ्या मुलाच्या पिशवीत फळांखाली कागद असतात, असे प्रसंग मी त्या चार वर्षांत दोनदा पाहिले. भेटीत सहीचा विषय काढायचा नाही, ही मर्यादा आईबापांनी आखावी आणि निलाजरेपणानं पाळावी. सही करायचीच असेल तर वेगळ्या दिवशी, आपल्या वकिलासमोर.

दोन प्रकारच्या घरांना माझं हे सगळं लागू पडत नाही. ज्यांना आईनं किंवा बापानं लहानपणी खरोखर छळलं, मारलं, त्यांना उपदेश करायचा अधिकार मला नाही आणि काकांना तर मुळीच नाही. पैसे भरले आणि कधीच भेटायला गेले नाहीत तरी त्यांनी कायद्याचं आणि माझ्या मते धर्माचंही पुरतं केलं. दुसरे स्मृतिभ्रंश झालेले. तिथे ‘पहिल्या रविवारी येईन’ हे वचन पाच मिनिटांत पुसलं जातं, आणि “मला घरी ने” हे वाक्य दर दहा मिनिटांनी नव्यानं येतं. त्यांना समजावत बसण्यात, ‘हेच तुझं घर’ म्हणून वाद घालण्यात दोघांचेही हाल. अनुभवी मावशी सांगतात ते ऐकावं: चहा किंवा जेवण पुढे आलं की उठायचं, निरोप लांबवायचा नाही. त्या घरांत मर्यादा आपल्यापुरती असते आणि ती पाळून गाडीत येऊन रडावं लागतं. त्याला निरोगी वगैरे म्हणायचं का, ते बाईंनाच विचारायला हवं.

आमचं आता बरंच जमलं आहे. दार वाजवतो, “ये रे” ऐकू येईपर्यंत थांबतो. दुसरा आणि चौथा रविवार, चार वाजता. तीन वर्षांत दोनदा चुकला, दोन्ही वेळा आदल्या दिवशी कळवलं. मध्ये फोन रात्री आठला, दहा मिनिटं, आणि तिचे फोन कितीही आले तरी पहिला मी उचलतोच. बाकीचे कधी उचलतो, कधी नाही. परवाच्या रविवारी बोलता बोलता आईची नजर दोन-तीनदा घड्याळाकडे गेली. मला वाटलं औषधाची वेळ झाली. विचारलं तर म्हणाली, “औषध कसलं, चौघीजणी खाली पत्ते घेऊन बसल्यात माझ्यासाठी. तू आलास की मला उठता येत नाही.” मी चप्पल घालत होतो तेवढ्यात तिनं कपाटाची किल्ली चाचपून कमरेला नीट खोचली आणि म्हणाली, “पुढच्या खेपेपासून साडेपाचला येत जा. आणि ते केळ्यांचं घबाड आणू नकोस, इथे मिळतात.”